ओहोटीला भरणारी शाळा

शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पहाटेची एस.टी., डब्यातली पुरी-भाजी, खिडकीच्या जागेवरून भांडण आणि परत येताना घसा बसेपर्यंत खेळलेल्या भेंड्या. यात वाईट काही नाही. वर्षातून एकदा मुलांनी असे मोकळे सुटलेच पाहिजे. पण आज मी बोलणार आहे ते निराळ्या तऱ्हेने बाहेर पडण्याविषयी. वर्गातला तासच उचलून बाहेर न्यायचा, आणि जे पुस्तकात वाचायचे ते हाताने मोजायचे, याविषयी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावी मी बरीच वर्षे शिकवीत होतो. शाळेपासून समुद्र दहा मिनिटांच्या वाटेवर. ‘परिसर अभ्यास’ या विषयात किनाऱ्याचा धडा आला, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने ठरवले की हा धडा खडकांवरच घ्यायचा. शनिवारची सकाळची शाळा सोयीची. अठ्ठ्याहत्तर मुले, आम्ही दोघे शिक्षक, अशी वरात अकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचली. पाहतो तो काय, खडकच नाहीत! पाणी थेट बांधाला टेकलेले. बांधावर एक म्हातारे तांडेल जाळे विणत बसले होते. माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे ते आजोबा. ते म्हणाले, “गुरुजी, आज आवस. या वेळेला पाणी भरलेलंच असणार. पोरांना कशाला आणलात?”

मुलांनी चिवडा खाल्ला आणि आम्ही परत आलो. सोमवारी मी ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक तास’ असा निबंध लिहायला दिला. अठ्ठ्याहत्तरांपैकी निदान पन्नास वह्यांत सूर्यास्त होता! आम्ही गेलो होतो सकाळी अकराला. पण मार्गदर्शकातल्या निबंधात सूर्यास्त होता, म्हणून वहीतही तो झाला.

त्या दिवशी मला खरे लागले ते मात्र दुसरेच. माझ्या वर्गात होडीवाल्या घरांतली दहा-बारा मुले होती. त्या सकाळी खडक दिसणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. मी नंतर एकाला विचारले, “अरे, मग सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “तुम्ही विचारलंच नाही, गुरुजी.”

आपल्याकडे हा विषय शाळेत सक्तीचा कसा झाला, हे थोडक्यात सांगतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांत द्यावे असा आदेश दिला आणि २००३ मध्ये पुन्हा त्याचा पाठपुरावा केला. आदेश चांगलाच होता. पण आदेश वर्गापर्यंत येता येता त्याची प्रकल्पवही होते. मग स्टेशनरीच्या दुकानात ‘प्रदूषण’, ‘जलचक्र’ असे छापील तक्ते मिळू लागतात. मुलगा ते कापतो, आई चिकटवते आणि मास्तर सही करतात. मीही अशा सह्या केल्या आहेत, म्हणून दुसऱ्याला नावे ठेवीत नाही.

खरे पाहता ही कल्पना आपल्याला न्यायालयाने नव्याने द्यावी असेही नव्हते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे समुद्राच्या काठीच, ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालशिक्षणाची महागडी साधने खेड्याला परवडत नाहीत, तर शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने, असा त्यांचा हिशेब होता. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल गुरांमागे जाते, शाळेत येऊ शकत नाही. तर शाळेने कुरणात जावे. किती साधी गोष्ट! आपण मात्र मुलाला समुद्रापासून उचलून वर्गात आणतो आणि तिथे त्याला समुद्राचे चित्र दाखवतो.

असो. दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो. वेळापत्रक मुख्याध्यापक करतात हे खरे, पण ओहोटीचे वेळापत्रक चंद्राकडे असते. त्या तांडेल आजोबांनाच मी वर्गात बोलावले. त्यांनी सांगितलेला नियम किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत माहीत असतो : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. भरती सहाला, ओहोटी बाराला. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, तेवढा धरून चालायचे. आता मोबाइलवर मिनिटामिनिटाचे तक्ते मिळतात, ते जरूर पाहावेत. पण आधी मुलांकडून हिशेब करवून घ्यावा. पाऊणकीचा पाढा कशासाठी असतो, हा प्रश्न माझ्या वर्गात पुन्हा कोणी विचारला नाही.

याच हिशेबात एका मुलीने मला अडवले. ती म्हणाली, “गुरुजी, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे अमावास्येला भरती सव्वाअकराला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तास पुढे जायचं, तर एकाच दिवसात दीड तास कसा पुढे गेला?” मी फळ्यापुढे उभाच राहिलो. नियमात भोक होते आणि ते तिला सापडले होते. बारा तास पंधरा तिथींवर वाटले तर वाट्याला ४५ मिनिटे येत नाहीत, ४८ येतात. रोजची तीन मिनिटे सुटत जातात आणि पंधरवड्याच्या शेवटी त्यांचा पाऊण तास साचतो. होडीवाल्याला तेवढ्याने काही अडत नाही. पण वर्गातल्या गणितापेक्षा हे गणित मुलांना जास्त दिवस आठवले, हे मी पाहिले आहे.

मग दिवस कोणता निवडावा? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी जसे खूप वर चढते तसे खूप खालीही उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा दोन्ही बेताचे. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत जाता जाता तो निम्म्यावर येतो. अमावास्येला किंवा पौर्णिमेला ओहोटी भल्या सकाळी सहाच्या सुमारास असते. त्या वेळी मुले गोळा करणे कठीण. म्हणून तृतीया उत्तम. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सकाळची ओहोटी सव्वाआठला. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो, ऊनही कोवळे असते. सातला पोहोचावे, पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे खाली जावे, आणि पाणी वळले की आपणही वळावे.

आणि अठ्ठ्याहत्तर मुले नेऊ नयेत. वीस पुरेत, चार-चारांचे पाच गट. बाकीच्यांनी पुढच्या तृतीयेला जावे. प्रत्येक गटाजवळ काय असावे? एक वही, दोरा बांधलेली शिसपेन्सिल, साधे भिंग, एक पांढरी थाळी आणि एक चौकट. आमच्या चौकटी मोडक्या छत्रीच्या काड्यांच्या होत्या, पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरच्या. सगळ्यांत मिळून एक थर्मामीटर. सामानाला फारसे पैसे लागत नाहीत. (शाळेने किनाऱ्यासाठी किमती संच विकत घ्यावेत असे सुचवणारे एक गृहस्थ मला भेटले होते. त्यांचे पायताण वाळूत कधी भरलेले नसावे.)

काम एकच. खडकावर वरून खाली तीन ठिकाणे ठरवायची : भरतीचे पाणी जेमतेम जिथे पोहोचते ते, मधले आणि अगदी पाण्यालगतचे. तिथे चौकट ठेवायची, आत काय काय आहे ते मोजायचे आणि लिहायचे. नाव माहीत नसेल तर चित्र काढायचे. मी नावे सांगत नसे. हे मला फार जड गेले, कारण नाव सांगणे म्हणजेच शिकवणे अशी आपली सवय. पण मी ‘समुद्रफूल’ म्हटले की मुले वहीत ‘समुद्रफूल’ लिहीत आणि पुढे जात. नाव नाही सांगितले की ती वाकून पाहत. एका गटाने लिहिले : ‘हिरवट, बटणाएवढे, मऊ. पाण्यात असताना झालर उघडते. बोटाची सावली पडली तरी मिटते.’ नंतर वर्गात मी नाव दिले, तेव्हा ते त्यांच्या ओळखीचे झालेले होते. कित्येकदा नाव मुलांनीच मला दिले. चिखलात उड्या मारणारी, फुगीर डोळ्यांची निवटी मला माहीत होती. पण कोणता शंख घरी शिजतो आणि कोणता शिजत नाही, हे मी चौथीतल्या मुलीकडून शिकलो.

पांढरी थाळी कशासाठी, ते सांगतो. खडकावर पांढऱ्या, खरखरीत, लहानशा ज्वालामुखीसारख्या गाठी असतात. अनवाणी पाय घासला तर सोलून निघतो. इंग्रजीतून आलेला ‘बार्नॅकल’ हा शब्द त्यांना वापरतात. मुले त्यांना दगडच समजतात. अशा गाठी असलेला एखादा लहान सुटा धोंडा समुद्राच्या पाण्यात, थाळीत ठेवा आणि सगळ्यांना गप्प बसवा. काही मिनिटांत ज्वालामुखीचे तोंड उघडते आणि आतून पिसासारखे बारीक पाय बाहेर येतात, पाणी चाळतात, आत जातात, पुन्हा येतात. हा दगड नाही; हा प्राणी आहे, आणि खेकडा-कोळंबीच्या गोतातला आहे. डोके चिकटवून, पायांनी जेवणारा. डार्विनसारख्या माणसाने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे याच प्राण्यांच्या अभ्यासात घालवली. मुलांना पाच मिनिटे गप्प बसवणे सोपे नाही, हे तुम्ही जाणताच. त्या थाळीभोवती ती बसतात.

तिन्ही चौकटींचे आकडे फळ्यावर मांडले की प्रश्न आपोआप उभा राहतो. वरच्या चौकटीत बारीक शंख आणि थोडे बार्नॅकल. मधल्या चौकटीत बार्नॅकल आणि कालवे अशी दाटी, की बोट ठेवायला जागा नाही. खालच्या चौकटीत शेवाळ, समुद्रफुले, खेकड्यांची पिले. सारा खडक एकच, मग हे मजले कोणी पाडले? मुलांचे पहिले उत्तर असते, ‘वर ऊन लागतं म्हणून.’ ते अर्धे बरोबर आहे. खडकातल्या एका डबक्यात आम्ही थर्मामीटर धरला. पाणी परत येईपर्यंत तिथले पाणी समुद्रापेक्षा चार-पाच अंशांनी तापलेले निघाले. पण मग वरचा प्राणी खाली सुखात का राहत नाही? खाली तर पाणीच पाणी. या प्रश्नाचे उत्तर जोसेफ कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शोधले आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी काय केले? खडकावरची एक जात खरवडून काढली आणि दुसरीचे काय होते ते महिनोन् महिने मोजत राहिले. वरच्या जातीची पिले खालीही बसतात, पण खालची दांडगी जात वाढता वाढता त्यांना दाबते, उपटून टाकते. वरची हद्द ऊन ठरवते आणि खालची बहुधा शेजारी ठरवतो. आमच्या मुलांनी काही खरवडले नाही, पण चौकट ठेवून मोजणे हे कामाचे मूळ तेच होते.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी सांगताना मला अजून संकोच वाटतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेची गोष्ट. मुले रंगात आली होती. दगड उचलला की खाली नवल : खेकडे, किडे, नारिंगी-जांभळे थर, अंड्यांच्या गादल्या. मीच म्हटले, “उचलून पाहा, उचलून पाहा!” मोठी मजा आली. पाच-सहा दिवसांनी एक कालवे काढणारी आजी कोयती हातात घेऊन शाळेच्या पायरीवर आली. आत यायला तयार नाही. म्हणाली, “गुरुजी, तुमच्या पोरांनी दगड पालथे टाकलेत. खालचं होतं ते उन्हानं मेलं, वरचं होतं ते खाली गुदमरलं. त्या दगडांवर माझं पोट आहे. आणि तुम्ही म्हणे त्यांना निसर्ग शिकवता!”

मी काय बोलणार? पुढच्या पंधरवड्यात तीच मुले घेऊन मी तिथे गेलो. पालथे दगड आम्ही मोजले, एकेचाळीस भरले. एकेक पाहिला. वर आलेले रंगीत थर पांढरे पडून पापुद्र्यासारखे सुटत होते. दगड सुलटे केले, पण मेले ते मेलेच. परत येताना कोणी बोलले नाही. त्या दिवसाची पाने वहीत आहेत आणि माझ्या मते साऱ्या वहीत तीच सर्वांत नीट लिहिलेली आहेत.

तेव्हापासूनचे नियम असे : एका गटाने एकच दगड उचलायचा, तोही हाताच्या पंजापेक्षा फार मोठा नको. आधी ओला करायचा. पाठ उन्हाकडे करून, आपल्या सावलीत पाहायचा. शंभर मोजेपर्यंत पाहून, होता तसा, होता तिथे, त्याच बाजूने ठेवायचा. आणि शंख घरी न्यायचे नाहीत, रिकामेसुद्धा. मुलांना हे पटत नाही. “मेलेलाच आहे ना, गुरुजी?” पण शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो, आणि तो त्याला स्वतः बांधता येत नाही. तुमच्या खिशातला रिकामा शंख म्हणजे त्याची रिकामी खोली. असा एक भाडेकरू शंख बदलताना मुलांनी प्रत्यक्ष पाहिला. त्यानंतर मला सांगावे लागले नाही. प्रवाळाच्या तुकड्याला तर हातच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.

काही जण म्हणतात, एवढे नुकसान होणार असेल तर मुलांना नेताच कशाला? चित्रफीत दाखवा. त्या आजीच्या बोलण्यानंतर मीही काही दिवस याच विचारात होतो. पण किनाऱ्याचे भवितव्य ठरवणारे लोक बहुतेक असेच असतात, ज्यांनी तो चित्रात पाहिलेला असतो. मुंबईत हाजीअलीच्या आणि वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत, हे कितीशा मुंबईकरांना माहीत होते? २०२० साली किनारी रस्त्याच्या कामासाठी त्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या, तेव्हा पुष्कळांनी ते प्रथमच ऐकले. त्याआधी, २०१७ पासून, ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी ओहोटीच्या वेळी सामान्य लोकांना घेऊन याच शहराच्या किनाऱ्यांवर फिरू लागली होती. त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसाला ‘इथे आहेच काय, नुसता चिखल’ असे म्हणता येत नाही.

आमच्या वहीचे सांगायचे तर, तिच्यात सहा वर्षांच्या नोंदी जमल्या. चौथ्या वर्षी खालची चौकट ठेवायला जागाच मिळेना. तिथला खडक वाळूखाली गेला होता. त्याच्या आदल्या वर्षी जवळच एक धक्का बांधून झाला होता. मुले म्हणाली, “धक्क्यामुळेच!” मी म्हटले, “असेल. पण तुमच्याजवळ तीन चौकटी आहेत, धक्क्यापलीकडची एकही नाही.” मग त्यांनी पलीकडेही दोन जागा धरल्या. मी बदलून आलो तेव्हा तो हिशेब पुरा व्हायचा होता. वही शाळेतच आहे. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत ती मागवून घेतली आणि वरून खाली पाने उलटली गेली, असे मला कळले. कालवे काढणाऱ्या बायकांनी ती मागवली होती.

तुमची शाळा समुद्रापासून दूर असेल तर ओढा आहे, तळे आहे, शाळेची जुनी दगडी भिंत आहे. चौकट तीच, वही तीच. पण दरवेळी नवी जागा नको. एका जागी दहादा जावे.

समुद्रावर जाणारांसाठी मात्र दोन शब्द. पायांत जुने बूट हवेत, चपला नकोत. शेवाळावर चपला हमखास घसरतात. कपारीत हात घालायचा नाही. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलायचा नाही, त्यातल्या काही जातींना विषारी काटा असतो. वाळूत पाय घासत चालावे, म्हणजे पाकट असलीच तर ती आधी निघून जाते. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून एका मुलाला तिच्याकडे पाहत बसवावे. पाणी काठीला लागले की त्याने शिट्टी द्यायची, आणि कोणाच्या चौकटीतले मोजणे कितीही राहिलेले असो, सगळ्यांनी वर यायचे.